उतार ओळखायचा, मग बॉल सोडायचा

७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी गोल्फची काठी कधी हातातही न धरलेली कितीतरी भारतीय माणसं ‘बर्डी’ म्हणजे काय आणि ‘बोगी’ म्हणजे काय, हे एकमेकांना विचारत होती. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा २०० वी. तिच्या काठ्यांची पिशवी सांभाळणारी कॅडी होती आई माहेश्वरी. त्या उन्हाळ्यात कोरोना होऊन गेल्यामुळे तिचे लांब फटके आखूड पडत होते. ती कसर तिने भरून काढली ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, बॉल घरंगळवायची काठी, पटर, हातात घेऊन. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली.

पटरला एवढं महत्त्व का, याचं उत्तर हिशेबात आहे. १८ होलच्या, ७२ पारच्या (म्हणजे ७२ फटक्यांत पुरं व्हावं अशा) मैदानात प्रत्येक ग्रीनवर दोन ‘पट’, म्हणजे पटरचे फटके, धरलेले असतात. म्हणजे ३६ फटके, निम्मा खेळ. सुरुवातीचा अडीचशे यार्डांचा लांब फटका, म्हणजे ड्राइव्ह, आणि दोन फुटांचा पट, दोन्हींची किंमत एकच.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, बॉलचा सुमारे ४३. तरीही अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून जवळपास निम्मेच पट घालतात. वीस फुटांवरून तर सातांत एखादा. त्यामुळे लांबून पहिलं उद्दिष्ट असतं ते बॉल होलला चिकटून थांबवण्याचं. गेला, तर चांगलंच.

आता उताराकडे येऊ. या बाबतीत वाशीमच्या शेतकऱ्याला फारसं शिकवावं लागणार नाही. या जिल्ह्यातलं काटेपूर्णेचं पाणी पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळतं आणि पैनगंगेचं वर्धा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. वरवर सपाट दिसणाऱ्या शिवारात पाणी कुठे वळणार, हे बांध घालणाऱ्याला आधी ताडावं लागतं. ग्रीनही पावसाचं पाणी साचू नये अशा बेताने उतरता बांधलेला असतो. इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे जाईल, हा गोल्फरचा पहिला प्रश्न. तो आधी बॉलच्या मागे वाकून बघतो, मग होलच्या मागून, आणि सखल बाजूनेही एक चक्कर मारतो. डोळे फसले तरी तळपाय सहसा फसत नाहीत. कुठल्या पायावर भार जास्त येतो, त्यावरून कल कळतो.

पण नुसता उतार कळून भागत नाही, वेगही ठरवावा लागतो. जोरात मारलेला बॉल कमी वळतो, हळू सोडलेला जास्त. शिवाय वेग मरत येतो तो होलजवळ, म्हणून तिथला शेवटचा उतार सर्वांत बारकाईने बघायचा. १९३५ मध्ये ओकमाँटच्या यूएस ओपनमध्ये एक पट ग्रीनबाहेर घरंगळत गेलेला एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिला आणि वेग मोजायची एक साधी पन्हळ तयार केली. ठरावीक कोनात उचललेल्या पन्हळीतून सुटलेला बॉल जितके फूट जाईल, तितका ग्रीनचा वेग. ती ‘स्टिम्पमीटर’ म्हणून आजही वापरात आहे.

उष्ण हवेत ग्रीनवर सहसा बर्म्युडा गवत असतं, आणि त्याच्या पात्यांनाही दिशा असते. गवत चकाकताना दिसलं तर पाती पुढे झुकलेली, बॉल पळणार. काळपट दिसलं तर पाती अंगावर येणारी, बॉल अडखळणार.

आत्मविश्वासाचा प्रश्न येतो तो यानंतर. डेव्ह पेल्झ या प्रशिक्षकाच्या मते, चुकलेला पट होलच्या १७ इंच पुढे जाऊन थांबेल, इतका वेग योग्य. वेग आधी पक्का केला की दिशा एकच उरते. बॉलवर उभं राहिल्यावर ती बदलायला गेलं की मनगट कचरतं आणि फटका अर्धवट सुटतो. म्हणून सराव तीन फुटांवरून, होलभोवती चहूबाजूंनी. चढावर, उतारावर, आडव्या कलावर.

आणि हे सगळं झटपट. पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. म्हणून सराईत खेळाडू ग्रीन वाचायला घेतो तो दुसऱ्याची पाळी चालू असतानाच.