पान्ह्याचे द्रव्य आणि भूक

ऑक्सिटोसिन म्हटले की आपल्याला प्रसूतिगृह आठवते, नाही तर गोठ्यात म्हशीला चोरून टोचलेली सुई. कळा आणणारे, पान्हा सोडविणारे हे मेंदूतले द्रव्य भुकेलाही लगाम घालते. उंदरांना ते दिले असता त्यांचे खाणे घटते. प्राडर-विली या जन्मजात विकारात पोट भरल्याची जाणीवच होत नाही. अशा रुग्णांच्या मेंदूत हे द्रव्य करणाऱ्या पेशी कमी असल्याचे १९९५ साली आढळले. मग स्थूल माणसाच्या नाकात त्याचा फवारा मारला तर? अमेरिकेत ६१ प्रौढांवर ८ आठवडे हा प्रयोग झाला. २०२४ साली निकाल आला : आहार मध्यंतरी थोडा उतरला, पण औषधाविना नुसता फवारा घेतलेल्यांपेक्षा वजन काही अधिक घटले नाही. बारीक होण्याचे फवारे विकणाऱ्यास हा निकाल आधी विचारावा, असे आम्हांस वाटते.