वाट निवडताना – भाग ७ : लागणीच्या दिवशीचा भाव

ज्या भावाकडे बघून कांद्याची लागण होते, त्या भावाने तो कांदा क्वचितच विकला जातो. रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत पाच-साडेपाच महिने जातात. सोलापूरच्या बाजार समितीत भाव चढला, की माळशिरसपासून करमाळ्यापर्यंत सगळीकडे एकदमच रोपं टाकली जातात आणि सगळ्यांचा माल एकदमच आडतीवर येऊन पडतो. भाव कोसळतो. पुढच्या हंगामाला पुष्कळजण कांद्याचं नाव काढत नाहीत, आवक घटते, भाव पुन्हा चढतो.

अर्थशास्त्रात याला कोळिष्टकाचा सिद्धांत म्हणतात. भाव आणि आवक यांची रेघ कागदावर ओढत गेलं, की ती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल फिरत राहते. हे नाव १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी दिलं. त्याआधी जर्मनीत आर्थर हानाउ यांनी डुकरांच्या बाजारात हेच चक्र आकड्यांनी दाखवलं होतं. महाविद्यालयीन मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचं काम मात्र रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचं. १९७६ मध्ये त्यांनी हा हिशेब अभियंत्यांना लावला. नव्या अभियंत्याचा पगार वाढला, की प्रवेशाला रांग लागते. चार वर्षांनी ती सगळी रांग एकाच वर्षी नोकरी मागायला बाहेर पडते. पगार घसरतो आणि पुढच्या मुलांची रांग आटते.

वेळापूरच्या एका पालकाने विचारलं आहे, “पोरगा यंदा बारावी झाला. सध्या कशाला मागणी आहे, तेवढं सांगा.” या भागात कल चाचणीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर गेलं आहे, कारण या प्रश्नातल्या ‘सध्या’ या एका शब्दात करिअरच्या निर्णयाची बरीच अडचण भरलेली आहे.

आधी काळाचं अंतर बघावं. दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली तेव्हाच अभियांत्रिकीचं किंवा वैद्यकीयचं रोप टाकलं जातं. त्यानंतर अकरावी-बारावीची २ वर्षं आणि अभियांत्रिकीची ४, म्हणजे काढणी सहा वर्षांनी. एम.बी.बी.एस.ला आंतरवासितेसह साडेपाच वर्षं, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची ३. सोळा वर्षांच्या मुलाने आजचा भाव बघून घेतलेला निर्णय बाजारात पोचतो तेव्हा तो बावीस ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असतो. डाळिंबाची बाग लावणारा निदान दोन-तीन वर्षांत फळ बघतो. आणि कांदा फसला तर पुढच्या हंगामात मका करता येतो. मुलाला तेवढी मोकळीक नसते. एका घरातून शिक्षणासाठी कर्ज बहुधा एकदाच निघतं.

अभियांत्रिकीची लाट सगळ्यांच्या परिचयाची आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद हे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि १९९८ मध्ये पंढरपूरजवळ गोपाळपूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. वेळापूरच्या मुलाला त्यासाठी पुण्या-सांगलीला जाण्याची गरज उरली नाही. पुढे राज्यात जागा इतक्या वाढल्या की त्या रिकाम्या राहू लागल्या. स्थापत्य आणि यांत्रिकीकडची मुलं संगणकाकडे वळली आणि आता रांग तिथे आहे.

खरा धडा डी.एड.च्या लाटेत आहे. तिच्याबद्दल हवं तेवढं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

डी.एड. म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची अध्यापन पदविका. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळे, त्यामुळे कला शाखेच्या मुलीलाही तो खुला होता. विसाव्या वर्षी हातात पदविका, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ३,००० रुपये मानधन मिळे, पण तीन वर्षं काढली की नियमित वेतनश्रेणी मिळणार हे ठरलेलं होतं. कोरडवाहू घरातल्या मुलीसाठी याहून चांगली वाट कोणी दाखवली असती? घरापासून फार लांब जायचं नाही, खर्च बेताचा, नोकरी कायमची. लग्न ठरवताना डी.एड. झालेल्या मुलीकडे पाहुणे वेगळ्या नजरेने बघत. चांगले गुण असलेल्या कितीतरी मुली पदवीची वाट सोडून इकडे आल्या. त्यांची निवड आंधळी मुळीच नव्हती. समोर दिसत होतं त्यावरून ती अगदी शहाणपणाची होती.

दिसत नव्हतं ते असं. गावोगाव खासगी अध्यापक विद्यालयं निघत होती आणि प्रत्येक ठिकाणी दोन वर्षांचे वर्ग भरलेले होते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात आल्याने शिक्षक लागणारच, अशी आशा आणखी वाढली. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. अनेक शाळांचा पट कागदावर होता, वर्गात नव्हता. पट खोटा निघाला म्हणजे त्या पटावर मंजूर झालेले शिक्षक अतिरिक्त ठरले. आधी त्यांचं समायोजन करायचं म्हणून मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, म्हणजे नुसती पदविकाही पुरेशी राहिली नाही. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. २०१२ ला पदविका घेतलेली विशीतली मुलगी तोवर पंचविशी ओलांडून गेली होती. दरम्यान कोणी खासगी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत होतं, कोणी शिकवण्या घेत होतं, कोणी बाहेरून पदवी करून स्पर्धा परीक्षेला बसत होतं. अध्यापक विद्यालयांच्या जागा ओस पडल्या आणि त्यांतली कित्येक विद्यालयं बंद झाली.

ही फक्त पुरवठा वाढल्याची गोष्ट असती, तर काही मुलींना कमी पगाराची का होईना, त्याच कामाची कायमची नोकरी मिळाली असती. इथे भाव उतरला नाही, बाजारच बंद झाला. कारण या पदविकेला कायमची नोकरी देणारं गिऱ्हाईक एकच होतं. जिल्हा परिषदेची शाळा काय किंवा अनुदानित शाळा काय, पगार देणारी तिजोरी सरकारची आणि पद मंजूर करणारी सहीही सरकारची. आय.टी.आय.मधून वीजतंत्री होऊन बाहेर पडलेल्या मुलाची स्थिती याच्या उलट असते. महावितरण, साखर कारखाना, रांजणगावचे कारखाने, मोटार रिवाइंडिंगचं दुकान, गावातली घरं आणि विहिरींवरचे पंप, अशी त्याची दहा गिऱ्हाइकं असतात. एकाने पाठ फिरवली तर दुसरं सापडतं. मुलांना आणि पालकांना मागणी किती हे विचारायची सवय आहे. मागणी किती जणांकडून येते, हे विचारायची नाही.

मुलं स्पर्धा परीक्षांमागे वर्षानुवर्षं का थांबतात, हे कोडंही इथूनच उलगडतं; तिथेही गिऱ्हाईक एकच, सरकार. उसाचं उदाहरण घ्यावं. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस उभा राहिला. उसाला रास्त आणि किफायतशीर दर ठरलेला असल्याने तिथे कांद्यासारखं चक्र फिरत नाही. तिथे काळजी असते ती तोड कधी येणार याची. सरकारी नोकरीचंही तसंच. पगार ठरलेला, वेतन आयोगाने वाढणारा. अनिश्चित आहे ती जाहिरात. ऊस वाळत जातो तशी वर्षं जातात. २०१६ मध्ये राज्याने खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली आणि थांबण्याची मुदत पाच वर्षांनी वाढली. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेचे २०२३ चे आकडे बघावेत: अर्ज १० लाखांहून जास्त, पूर्वपरीक्षेला बसलेले सुमारे ५ लाख ९२ हजार, मुख्य परीक्षेला पात्र १४,६२४, शेवटी निवड १,०१६. चौकातल्या फलकावर फोटो लागतो तो या शेवटच्या आकड्यातल्याचा. बाकीच्यांचे फलक लागत नाहीत, म्हणून गावातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येणारा नमुनाच एकतर्फी असतो.

फ्रीमन यांच्या मांडणीवर नंतर आक्षेपही आले. जेवू र्यू आणि शर्विन रोझेन यांनी २००४ मध्ये अभियंत्यांच्याच आकड्यांवरून दाखवलं, की मुलं फक्त आजचा पगार बघत नाहीत. पुढे काय होईल याचा अंदाजही बांधतात आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो. हे मान्य करायला हवं. पण तसा अंदाज बांधायला माहिती लागते, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला ती विद्यापीठातून, छापील अहवालांतून मिळते. वेळापूरच्या मुलाला ती मिळते दोन वर्षांपूर्वी लागलेल्या चुलतभावाकडून आणि प्रवेश भरायचे असलेल्या क्लासच्या पत्रकातून. चुलतभाऊ खरंच सांगतो, पण ते त्याच्या वर्षीचं.

त्या पालकाच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे अभ्यासक्रमाच्या नावाने देता येत नाही. चौकशी मात्र सांगता येते. मुलगा ज्या शाखेला जाणार, तिच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत आज किती मुलं बसली आहेत, हे त्या महाविद्यालयात विचारावं; ती सगळी त्याच्या आधी बाजारात उतरणार आहेत. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दहा जणांना फोन करावेत, आणि महाविद्यालयाने दिलेल्या यादीतलेच दहा नकोत. त्यांतले किती जण शिकले तेच काम करतात, आणि वेगवेगळ्या किती ठिकाणी, हे लिहून काढावं. दहाजण एकाच दाराशी उभे असतील तर ते दार कोण उघडतं आणि शेवटचं कधी उघडलं होतं, तेही विचारावं. अकलूज, पंढरपूर आणि सोलापूर एवढ्या टापूत हे काम दोन रविवारांत होतं.

मुलाला स्वतःला काय आवडतं, हा प्रश्न या सगळ्यात आला नाही. तो कल चाचणीबरोबर पुढच्या आठवड्यात.