तीन पिना आणि एक चकती

गिअर टाकताना खर्र असा आवाज आला की माणसाचं लक्ष थेट गिअरबॉक्सकडे जातं. माझंही तिकडेच गेलं. ओहायोत आमच्या गावाजवळच्या एका वृद्ध शेतकऱ्याने आपलं कोठार रिकामं करताना मला एक पिवळा-पांढरा बुटका ट्रॅक्टर विकला होता. कब कॅडेट १००. इंजिन लगेच सुरू झालं, पण पहिला गिअर काही केल्या सुखासुखी पडेना. आठवडाभर मी गिअरबॉक्सचं तेल काढलं, वरचं झाकण उघडलं, दातांवरून बोट फिरवून पाहिलं. दात शाबूत होते. शेवटी संगमनेरकडच्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लाल बी-२७५ वर काढली आहेत.

“गिअरबॉक्स झाक आधी,” काका म्हणाले. “क्लच दाबल्यावर मधला शाफ्ट थांबतो का, ते बघून सांग.”

ते मी पाहिलंच नव्हतं. शाफ्ट थांबत नव्हता.

काकांचा ट्रॅक्टर आणि माझा ट्रॅक्टर ही चुलत भावंडं आहेत. दोघांचं घराणं इंटरनॅशनल हार्वेस्टर. बी-२७५ हे या कंपनीच्या ब्रिटिश शाखेचं मॉडेल. महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर कंपनीने १९६३ मध्ये मुंबईत भागीदारी केली आणि त्यातून हा ट्रॅक्टर भारतीय शेतात उतरला. कब कॅडेट जन्मला केंटकीतल्या लुइव्हिलला. दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवणारा तिथला कारखाना कंपनीने घेतला आणि १९४७ पासून तिथे फार्मॉल कब हा छोट्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे अमेरिकेतली शहरं पसरली, घरांभोवती एकर-दोन एकरांची हिरवळ आली. तेव्हा त्याच कबच्या गिअरबॉक्सचा वारसा घेऊन १९६१ च्या हंगामासाठी बागेचा ट्रॅक्टर बाजारात आला. सात अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं कोलर इंजिन आणि तीन गिअर पुढचे, एक मागचा. तीन वर्षांत सुमारे ६५ हजार ट्रॅक्टर खपले. हा गवत कापायचा ट्रॅक्टर असला तरी त्याचं मागचं अंग बिडाचं आहे, शेतातल्या ट्रॅक्टरसारखं. म्हणूनच साठ वर्षांनंतरही दुरुस्त करण्याजोगं त्यात काही शिल्लक राहिलं आहे.

पहिल्या मॉडेलमध्ये इंजिनाची ताकद व्ही-पट्ट्यावरून खालच्या शाफ्टकडे जात असे. १९६३ मध्ये ७० आणि १०० ही मॉडेलं आली आणि पट्टा गेला. इंजिनाचं फ्लायव्हील चालकाच्या बाजूला, त्याच्या मागे क्लच, तिथून चौकटीच्या दोन पोलादी पट्ट्यांच्या मधून जाणारा सरळ शाफ्ट आणि शेवटी गिअरबॉक्स. ही रांग मला फार आवडते. मोठ्या ट्रॅक्टरचा क्लच पाहायचा तर मधून दोन तुकडे करावे लागतात. इथे वाकून बॅटरीचा झोत टाकला की सगळं नजरेसमोर.

रचना अशी आहे. फ्लायव्हीलला एक ड्रायव्हर बसवलेला असतो आणि त्यातून मागे तीन जाड पिना निघतात. घर्षणाची चकती, म्हणजे आपली क्लच प्लेट, या तीन पिनांवर ओवलेली असते. ती इंजिनाबरोबर सतत फिरते आणि पिनांवर किंचित पुढेमागे सरकू शकते. तिच्या दोन्ही अंगांना दोन प्रेशर प्लेटी असतात. त्या शाफ्टच्या, आडव्या पिनांनी शाफ्टशी बांधलेल्या. शाफ्टवरची दणकट स्प्रिंग या दोन प्लेटींमध्ये चकती चिमटीत धरते आणि शाफ्ट फिरू लागतो. पेडल दाबलं की एक लिव्हर रिलीज बेअरिंगला ढकलते, स्प्रिंग दबते, चिमटी सुटते. शाफ्टवर आणखी एक छोटी स्प्रिंग असते, तिला टीझर म्हणतात. क्लच सोडताना प्लेटी एकदम आदळू नयेत, आधी हळूच टेकाव्यात, एवढंच तिचं काम. ती मोडली की ट्रॅक्टर बेडकासारखा उडी मारून निघतो आणि लोक उगाच पेडल सोडणाऱ्याच्या पायाला बोल लावतात.

आता दुखण्याकडे. काकांचा प्रश्न हीच या यंत्राची नाडीपरीक्षा आहे. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून चाकांना ठोकळे लावायचे, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, इंजिन मंद चालवायचं आणि पेडल पूर्ण दाबून धरायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. आपण बाजूने शाफ्ट पाहायचा. बाही, दोरी, केस, काहीही जवळ जाऊ द्यायचं नाही. या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर नाहीत. दात एकमेकांत सरकवायचे तर शाफ्ट थांबलेलाच हवा आणि ट्रॅक्टरही उभाच हवा. पेडल दाबूनही शाफ्ट फिरत असेल तर गिअर करकरणारच. तिथे गिअरबॉक्सचा काही गुन्हा नसतो.

शाफ्ट न थांबण्याची कारणं मला एकेक करून सापडली. पहिलं, लिव्हर आणि रिलीज बेअरिंग यांच्यातली फट. ती ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास हवी. फिलर गेज घालून मोजायची आणि पेडलच्या सळईवरच्या नटाने जुळवायची. माझ्याकडे ती फट दुपटीहून जास्त निघाली, कारण लिव्हर ज्या पिनेवर झुलते ती पिन झिजून चपटी झाली होती. पेडलची अर्धी चाल त्या ढिलाईतच संपत होती. नट फिरवून फट बरोबर केली, तरी शाफ्ट कुरकुरत फिरतच राहिला. मग तीन पिनांकडे पाहिलं. चकती वर्षानुवर्षं एकाच जागी घासून प्रत्येक पिनेवर खाच पडली होती, नखाने जाणवेल एवढी. चिमटी सुटल्यावर चकतीने मोकळं सरकायला हवं, तर ती त्या खाचांमध्येच अडकून बसत होती. शाफ्टचं पुढचं टोक ज्या बुशात फिरतं तो बुश सुकला असेल तरी तो शाफ्टला ओढत राहतो, हे मला नंतर कळलं. माझा बुश कोरडाच होता.

उलट दुखणं म्हणजे क्लच घसरणं. चढावर इंजिन ओरडतं आणि चाकं आळसावतात. इथे लोक लगेच नवी चकती मागवतात. आधी फट पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन. फट शून्य असेल तर न दाबताही लिव्हर बेअरिंगला टेकून राहते, स्प्रिंगला पूर्ण जोर लावता येत नाही आणि नवी चकतीही महिन्याभरात जळते. फट ठीक असेल तर मग चकतीची जाडी, स्प्रिंगचा दम आणि इंजिनाच्या ऑईल सीलमधून चकतीवर आलेलं तेल, असा शोध घ्यावा. तेल प्यालेली चकती धुऊन पुन्हा बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

पेडल दाबल्यावरच किंचाळणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असतो. पेडल सोडल्यावर मंद वेगात खडखड ऐकू आली, तर चकतीची तीन भोकं लांबट झालेली असतात. आणि इंजिन चालू, शाफ्टही फिरतोय, पण ट्रॅक्टर ढिम्म? तर शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या कपलिंगची पिन तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ही पिन बोटाच्या पेराएवढी. तिच्या जागी साधा बोल्ट ठोकलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. बोल्ट ढिला बसतो, भोक मोठं करतो, आणि मग पिनेच्या किमतीचं काम अख्ख्या शाफ्टवर जातं.

क्लच खोलताना एका गोष्टीला भ्यावं, ती म्हणजे मुख्य स्प्रिंग. दाबलेल्या अवस्थेत तिच्यात एवढी ताकद असते की पिन निसटली तर बोटं वाचणार नाहीत. मी ती प्रेसखालीच सोडवली. इंजिनाच्या प्लगची वायर तर त्याआधीच काढून ठेवली होती.

खऱ्या गिअरबॉक्सची दुखणी कमी आहेत, पण आहेत. गिअर आपोआप सुटत असेल तर आतला खटका, म्हणजे गोळी आणि तिची स्प्रिंग, झिजलेली असते. गिअरच्या दांड्याचं खालचं टोक गोल झिजलं की ते दोन फोर्कच्या मधून निसटतं आणि एकाच वेळी दोन गिअर पडतात. मग ट्रॅक्टर धक्का मारूनही हलत नाही आणि गिअरबॉक्स फुटला असं वाटून लोक यंत्र भंगारात देतात. झाकण उघडून दोन्ही फोर्कच्या खाचा स्क्रू ड्रायव्हरने एका रेषेत आणल्या की तो मोकळा होतो. मात्र दांड्याचं टोक भरून घेतलं नाही तर हे पुन्हा होणार. तेल दुधासारखं निघालं तर आत पाणी आहे. दांड्याभोवतीचं रबर फाटलं की पावसाचं पाणी तिथूनच उतरतं, आणि इथल्या हिवाळ्यात तळाशी साचलेलं पाणी गोठून गिअर जागच्या जागी धरून ठेवतं. माझ्या ट्रॅक्टरचं रबर फाटलेलंच होतं. वाया गेलेल्या त्या आठवड्यात हाती लागलेली कामाची गोष्ट एवढीच.

१९६५ मध्ये १२३ हे मॉडेल आलं. त्यात तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन होतं. गिअर बदलायला नको, चालवायला सोपं. बाग कापणाऱ्याला तेच बरं, हे मला मान्य आहे. तरी नांगर किंवा बर्फाचं पातं लावायचं असेल तर मी गिअरचाच घेईन, कारण बिघडल्यावर त्याच्यापाशी जमिनीवर बसून त्याचं म्हणणं समजून घेता येतं. १९८१ मध्ये हार्वेस्टरने कब कॅडेटचं नाव आणि धंदा एमटीडी या कंपनीला विकला. जुन्या क्लचचे भाग मात्र अजून मिळतात.

नवा ड्रायव्हर, नवी चकती, लिव्हरची नवी पिन आणि बुशाला तेल, एवढं करून मी पुन्हा फोन चौकटीशेजारी धरला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते, काका चष्मा लावून बसले होते. माझ्या मुलीने पेडल दाबलं. शाफ्ट दोन वेढे फिरला आणि थांबला.

“फट किती ठेवलीस?”

“सव्वा मिलिमीटर, काका.”

“टाक पहिला.”

टक असा बारीक आवाज झाला. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, परत एकदा टाक. फोन जरा जवळ धर.”