परवान्याला जबाबदारीची जोड द्या!

मद्यविक्रीचा परवाना देताना आमचे सरकार पुष्कळ गोष्टी बारकाईने पाहते. दुकान शाळेपासून आणि देवळापासून किती अंतरावर आहे, ते केव्हा उघडते व केव्हा बंद होते, साठ्याची नोंदवही बरोबर आहे की नाही, वर्षाचे शुल्क वेळेवर भरले की नाही, या सर्वांची चौकशी होते. परंतु एक प्रश्न मात्र विक्रेत्याला कोणीही विचारीत नाही. तुझ्या दुकानात प्रमाणाबाहेर प्यालेल्या गिऱ्हाइकाने घरी जाताना रस्त्यावर एखाद्याचा जीव घेतला, तर त्या मृताच्या बायकामुलांच्या नुकसानीचा काही भाग उचलण्याची बांधिलकी तू पत्करली आहेस काय? आणि पत्करली असल्यास ती पार पाडण्याची तुझी ऐपत आहे काय? आज आम्ही हा प्रश्न महाराष्ट्र सरकारपुढे आणि विधिमंडळापुढे स्पष्ट शब्दांत मांडू इच्छितो.

वाचकांच्या स्मरणातून दोन घटना अद्याप गेल्या नसतील. १९ मे २०२४ रोजी, रात्र उलटून गेल्यावर, पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि तो त्या रात्री मद्यगृहांत जाऊन आला होता. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत, तोच ७ जुलैच्या पहाटे मुंबईत वरळी येथे मासळी घेऊन स्कूटरवरून घरी निघालेल्या पतिपत्नींना मोटारीने धडक दिली आणि त्यातील पत्नी प्राणास मुकली. मोटार चालविणाऱ्यास वयाची अट पूर्ण झालेली नसताना कडक मद्य देण्यात आले होते, असे उत्पादन शुल्क खात्याने सांगितले. या प्रकरणांतील दोषादोष ठरविणे हे न्यायासनाचे काम आहे. त्यात आम्ही ढवळाढवळ करीत नाही. आमचे लक्ष आहे ते शासनाच्या हालचालींकडे. पुण्यात मद्यगृहांना टाळी लागली. मुंबईत टाळे तर लागलेच, शिवाय महापालिकेचा हातोडाही अनधिकृत बांधकामावर पडला. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली आणि लोकांचा क्षोभ काहीसा शमला. परंतु टाळ्याने आणि हातोड्याने ज्या घरातले माणूस गेले त्या घराचे काय झाले? शासनाने विक्रेत्याला शिक्षा केली असेल. परंतु नुकसान ज्याचे झाले त्याच्याशी विक्रेत्याचे काहीएक नाते आमच्या परवाना पद्धतीने जोडलेले नाही.

हा कायदा आज ७५ वर्षांहून जुना आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा पुढे महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. नाव दारूबंदीचे आणि व्यवहार दारूविक्रीच्या नियमनाचा, असे त्याचे विलक्षण रूप आहे. कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना हवा. म्हणून तर आमच्या शहरांतील मद्यगृहांच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ हे शब्द आजही दिसतात. कडक मद्यासाठी २५ वर्षांची आणि बियरसाठी २१ वर्षांची वयोमर्यादा आहे. ती किती काटेकोरपणे पाळली जाते, हे शनिवारच्या रात्री ज्याने शहरातील मद्यगृहांची दारे पाहिली आहेत त्याला सांगावयास नको. दंड आहे, खटला आहे, परवाना निलंबित करण्याचा अधिकार आहे. परंतु हा सर्व व्यवहार शासन आणि विक्रेता या दोघांमधला. तिसरा, म्हणजे ज्याच्या अंगावरून चाक गेले तो, या कायद्याच्या हिशेबात कोठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निर्णय दिला. पुढे मार्च २०१७ मध्ये लहान गावांपुरते ते अंतर २२० मीटर झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांना निर्बंध लागू नसल्याचा खुलासा झाला. न्यायालयाचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु अंतर मोजून जबाबदारी निर्माण होत नाही. पाचशे मीटर चालत जाऊन पिणारा माणूस तेवढेच अंतर परत येऊन मोटारीत बसतोच.

कोणी म्हणेल, मोटारीचा विमा आहेच की! होय, आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि १९८८ च्या कायद्याने ती सक्ती पुढे चालविली. परंतु विमा न उतरविलेली वाहने आमच्या रस्त्यांवर धावतच असतात. चालक प्यालेला होता या कारणावरून विमा कंपनी आपले अंग काढून घेऊ पाहते. न्यायालयाने कंपनीला आधी पैसे द्यावयास लावले व मागाहून मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली, तरी तो सारा हिशेब कंपनी आणि मोटारमालक यांच्यातच मिटतो. झोकांड्या खाणाऱ्या गिऱ्हाइकापुढे आणखी एक पेला ठेवून त्याचे बिल वसूल करणारा मात्र या हिशेबाच्या बाहेर राहतो. नफ्यात वाटेकरी आणि नुकसानीत तिऱ्हाईत, हा कोठला न्याय?

हा विचार नवा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १८४९ सालीच असा कायदा केला, की मद्यविक्रेत्याने आपल्या धंद्यातून इतरांच्या होणाऱ्या नुकसानीबद्दल आधी जामीनखत लिहून द्यावे. दारूड्या नवऱ्यामुळे निराधार झालेल्या बायकांना आणि पोरांना गुत्तेवाल्यावर दावा लावण्याचा हक्क त्या शतकात एकामागून एक राज्याने दिला. जुन्या इंग्रजी परंपरेतील न्यायतत्त्व निराळे होते. अपघात पिण्यामुळे झाला, विकण्यामुळे नव्हे, असे ते तत्त्व सांगत असे. १९५९ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते बाजूस सारले. कायद्याने पिण्याच्या वयास न पोहोचलेल्या एका तरुणाला मद्यगृहांनी मद्य दिले, त्याच्या मोटारीने एकाचा प्राण गेला आणि मृताच्या पत्नीने विक्रेत्यांवर दावा लावला. असे होईल हे विक्रेत्याला आधीच कळण्यासारखे होते, म्हणून तो जबाबदार ठरू शकतो, असा कौल न्यायालयाने दिला. कल्याणीनगरच्या बातम्या वाचताना ६५ वर्षांपूर्वीच्या त्या दाव्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आज तेथील बहुतेक राज्यांत विक्रेत्याची अशी काही ना काही जबाबदारी मानली जाते, आणि आयोवासारख्या राज्यांत त्यासाठी विमा उतरविल्याशिवाय परवाना मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मद्यधुंद वाहनचालकाला दोषी ठरविल्यावर न्यायालयच त्याला विचारते, की शेवटचा पेला तू कोठे घेतलास? हा एक साधा प्रश्न. परंतु कोणत्या मद्यगृहातून वारंवार प्यालेले चालक बाहेर पडतात, हे त्यातून आपोआप उघड होते.

तथापि अमेरिकेचे अंधानुकरण करावे, असे आम्ही सुचवीत नाही. तेथील साउथ कॅरोलायना राज्याचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २०१७ मध्ये त्या राज्याने सायंकाळी पाचनंतर चालू राहणाऱ्या मद्यगृहांना किमान दहा लाख डॉलरचा विमा सक्तीचा केला. त्याच वेळी तेथील नियम असा होता, की मद्यगृहाचा दोष नाममात्र ठरला तरी संपूर्ण भरपाई त्याच्याकडून वसूल करता यावी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. विमा कंपन्या अंग चोरू लागल्या, हप्ते भडकले, आणि प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या लहान खाणावळीही बंद पडू लागल्या. शेवटी २०२५ मध्ये तेथील विधिमंडळाला कायदा सुधारावा लागला. दोषाच्या मानाने जबाबदारी बेतण्यात आली, वाढप्यांचे शिक्षण सक्तीचे झाले, आणि जे लवकर मद्य देणे थांबवितात किंवा अशीच अन्य खबरदारी घेतात त्यांना विम्याच्या रकमेत सवलत मिळाली. यावरून घ्यावयाचा धडा इतकाच, की जबाबदारी असावी. परंतु ती दोषाला साजेशी असावी.

आमच्या देशात या तत्त्वाला आधार नाही, असेही नव्हे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने हजारोंचे बळी घेतल्यानंतर १९९१ मध्ये संसदेने सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. धोकादायक रसायने हाताळणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने बाहेरच्या माणसाला होणाऱ्या इजेसाठी विमा उतरविलाच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. विषारी मद्याने जीव गेल्यास निर्मात्याकडून आणि विक्रेत्याकडून भरपाई देवविण्याचा अधिकार केरळच्या अबकारी कायद्याने न्यायालयाला दिला आहे. रसायनाच्या टाकीला जे तत्त्व लागू, ते मद्याच्या पिंपाला का लागू नसावे? राज्यघटनेनेही वाट मोकळीच ठेवली आहे. मद्याची विक्री हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे आणि विमा हा केंद्राच्या सूचीतील. विम्याचे नियम दिल्लीने करावेत, परंतु विमा असल्याशिवाय परवाना नाही, अशी अट घालण्यास मुंबईचे विधिमंडळ समर्थ आहे.

यावर काही आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहोत. पिणारा सज्ञान आहे, त्याच्या कृत्याची शिक्षा विक्रेत्याला का, हा पहिला आक्षेप. परंतु पिणाऱ्याची जबाबदारी आम्ही यत्किंचितही कमी करू मागत नाही. त्याला तुरुंग भोगावयाचा असेल तर तो भोगो. आम्ही बोलत आहोत ते केवळ अशा विक्रेत्याविषयी, की ज्याने अल्पवयी मुलाला किंवा उघड उघड झिंगलेल्या माणसाला मद्य दिले. दुसरा आक्षेप येईल तो दारूबंदीच्या निष्ठावंतांकडून. राज्यघटनेचे ४७ वे कलम मद्यसेवन बंद करण्याचा आदेश देत असता, पापाचा विमा कसला उतरविता, असे ते विचारतील. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांला आदर आहे. परंतु शासनाने पापाचे शुल्क घेणे केव्हाच पत्करले आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील करात वाढ करून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरली. उत्पन्न चालते आणि त्या उत्पन्नापायी उद्ध्वस्त झालेल्या घराची भरपाई मात्र निषिद्ध, असे म्हणणे निष्ठेला शोभणारे नाही. तिसरा आक्षेप असा, की विमा उतरला म्हणजे विक्रेता बेफिकीर होईल. हप्ता सर्वांना सारखाच ठेवला तर तसे होईलही. परंतु ज्याच्या दुकानातून अपघात निघतात त्याचा हप्ता चढता ठेवला, तर जे काम निरीक्षकाच्या भेटीने होत नाही ते हप्त्याच्या पावतीने होईल.

बेकायदा हातभट्टीवाल्याला यातले काहीच लागू पडणार नाही, हेही खरे. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूवर कोणाचा परवाना नव्हता. तेथे पोलिसांवाचून दुसरा उपाय नाही. परंतु चोराला पकडता येत नाही म्हणून सावकाराचा हिशेब तपासू नये, असे कोणी म्हणत नाही.

आमच्या सूचना थोडक्या आहेत. वयाची अट मोडून किंवा झिंगलेल्या माणसाला मद्य देणाऱ्यावर, त्यातून इजा झालेल्या त्रयस्थास भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने टाकावी. ती त्याच्या दोषाच्या प्रमाणात असावी आणि तिला रकमेची मर्यादा असावी. परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी विम्याचे प्रमाणपत्र दाखविणे सक्तीचे करावे. लहान गावातील दुकान आणि महानगरातील रात्री उशिरापर्यंत चालणारे मद्यगृह यांना एकाच मापाने मोजू नये. वाढप्यांना शिक्षण देणाऱ्या आणि ओळखपत्र तपासणाऱ्या मालकांना हप्त्यात सवलत असावी. आणि मद्यधुंद चालकाच्या प्रत्येक अपघाताच्या तपासात शेवटचा पेला कोठे घेतला, याची नोंद पोलिसांनी केलीच पाहिजे.

यांतील एकाही सूचनेला शासनाच्या तिजोरीतून मोठा खर्च येणार नाही. लागेल ती इच्छाशक्ती. अपघात झाला की टाळे, आणि क्षोभ ओसरला की टाळे उघडणे, हा खेळ जनतेने पुष्कळ पाहिला. मद्यगृहाचे टाळे शासनाच्या हाती आहे, तसे परवान्याचे लेखणीचे टोकही त्याच्याच हाती आहे. परवान्यावर सही करण्यापूर्वी त्या लेखणीने रस्त्यावरून पायी घरी जाणाऱ्या माणसासाठी एक ओळ लिहावी, एवढीच आमची मागणी आहे.