वरिष्ठांशी स्पष्ट बोलणे हाही कर्तव्याचाच भाग

आषाढी एकादशी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यातील प्रशासनाची कसोटी सुरू होते. पंढरपुरात लाखो वारकरी येतात. पाणी, स्वच्छता, आरोग्य यांची व्यवस्था लावताना अनेक सूचना तोंडीच दिल्या जातात. अशा घाईत "होय साहेब" म्हणणे सोपे असते. परंतु जे काम वेळेत होणार नाही त्यालाही होकार दिला, तर त्याची झळ अखेर पाण्यासाठी ताटकळणाऱ्या वारकऱ्याला लागते.

वरिष्ठांना अडचण सांगणे म्हणजे अवज्ञा, असा समज अनेक कार्यालयांत रूढ आहे. नियमांचा रोख मात्र निराळा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ अन्वये वरिष्ठांच्या निर्देशानुसार वागताना ते निर्देश शक्यतो लेखी घ्यावयाचे असतात. ते शक्य नसल्यास नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावयाचा असतो. म्हणजेच लेखी आदेश मागणारा कर्मचारी उद्धट ठरत नाही; तो नियमच पाळत असतो. मात्र आपल्या अधिकारातील निर्णय टाळण्यासाठी वरिष्ठांकडे विनाकारण विचारणा करणे या नियमाला अभिप्रेत नाही.

शिक्षकांसाठी तर ही मर्यादा कायद्यानेच आखली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. तसे काम आल्यास मुख्याध्यापकांनी कलमाचा उल्लेख करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना नम्रपणे लिहावे. मुकाट्याने ते काम पत्करले, तर वर्ग शिक्षकाविना राहतो.

नकार कसा द्यावा, यालाही महत्त्व आहे. "मला जमणार नाही," एवढे म्हणून संवाद तुटतो. त्याऐवजी एखादा लिपिक म्हणू शकेल, "साहेब, हातातील दोन प्रकरणे गुरुवारपर्यंत पूर्ण होतील. नवे काम आधी हवे असल्यास यांतील कोणते मागे ठेवावे, ते सांगावे." येथे कामास नकार नाही, वस्तुस्थिती आहे, मुदत आहे आणि निर्णय वरिष्ठांच्याच हाती आहे. ग्रामपंचायतीतही ठरावाविना देयक देण्याचा आग्रह झाल्यास सचिवाने सरपंचांना म्हणावे, "विषय येत्या मासिक सभेपुढे ठेवू, ठराव होताच रक्कम देऊ." हे बोलणे चारचौघांत नव्हे, तर एकांतात व वेळीच व्हावे.

अर्थात, ही जबाबदारी केवळ कनिष्ठांची नाही. अडचण सांगणाऱ्यावर जो अधिकारी रागावतो, त्याच्यापर्यंत पुढे फक्त गोड बातम्या पोहोचतात आणि खरी स्थिती त्याला तक्रार आल्यावरच कळते. जो शांतपणे ऐकून घेतो, त्याला चूक दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. कार्यालयातील हा मोकळेपणा अखेर जनतेच्याच उपयोगी पडतो.