पावसाळ्यात कपडे वाळवायचे कसे?

आषाढ लागला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारच्या रुग्णांची गर्दी वाढते. एक सर्दी-खोकल्याचे आणि दुसरे खाजेचे. मांड्यांच्या सांध्यात, काखेत, कमरेला नाडीच्या जागी लालसर, गोल, कडा उठलेले चट्टे येतात. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ लागोपाठ तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आले. औषध घेतले की बरे वाटते, थांबवले की पुन्हा सुरू. घरात पत्नीला आणि मुलालाही तोच त्रास. मी त्यांना सहज विचारले, "कपडे वाळतात का हो तुमच्याकडे?" ते हसून म्हणाले, "डॉक्टर, या दिवसांत कोणाचे वाळतात? आंबटओलेच अंगात चढवतो आणि निघतो कामाला."

खरे दुखणे तिथेच होते. म्हणून आजच्या सदरात औषधांऐवजी कपडे वाळवण्याविषयी लिहितो आहे. विषय साधा वाटेल, पण घरातल्या सर्वांच्या आरोग्याशी त्याचा संबंध आहे.

ओल्या कपड्याने काय होते?

गजकर्ण एका प्रकारच्या बुरशीमुळे होते. तिला ऊब आणि ओल या दोनच गोष्टी हव्या असतात. दमट अंतर्वस्त्र दिवसभर अंगावर राहिले की दोन्ही आयत्याच मिळतात. या बुरशीचे सूक्ष्म बीजकण कपड्यांच्या शिवणीत टिकून राहतात आणि नुसत्या गार पाण्याने सगळे जात नाहीत. उशिरा वाळणाऱ्या कपड्यांना येणारा कुबट वासही जंतूंचाच असतो. 2012 साली जपानमधील संशोधकांनी या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू असल्याचे दाखवले. कपडा जितका जास्त वेळ ओला, तितकी या जंतूंची वाढ जास्त. अत्तर किंवा पावडर मारून वास झाकला जातो, जंतू तिथेच राहतात.

कपडा वाळतो तेव्हा त्यातले पाणी घरातल्या हवेत जाते. दारे-खिडक्या बंद असतील तर तीच ओल भिंतींवर धरते, काळी बुरशी येते आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. म्हणून कपडे वाळवताना पाण्याला घराबाहेर वाट करून देणे महत्त्वाचे.

पाणी आधी पिळून काढा

एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. तेच पाणी पिळून काढायला एक पैसाही लागत नाही. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात साधारण त्याच्या वजनाइतके पाणी उरते. म्हणून कपडे पिळल्यावर न्हाणीघरात दांडीवर अर्धा तास निथळू द्यावेत आणि खाली साचलेले पाणी पुन्हा पिळून काढावे. लहान कपडे कोरड्या पंचात गुंडाळून दाबले की बरेच पाणी पंचा शोषून घेतो. ज्यांच्याकडे धुलाईयंत्र आहे त्यांनी कपडे पिळण्याचा भाग पाच मिनिटे जास्त फिरवावा. तीनशे वॉटची मोटर धरली तरी त्याला एका युनिटच्या चाळिसाव्या भागाहून जास्त वीज लागत नाही.

साबणाचा चुराही बेताने वापरावा. नीट न खळबळलेला कपडा चिकट राहतो आणि त्वचेलाही त्रास देतो.

वारा हाच खरा इस्त्रीवाला

आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर भर पावसात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. अशा हवेत कपड्यालगतची हवा लगेच ओली होते आणि वाळणे थांबते. ती हवा हलवली तरच काम पुढे सरकते. म्हणून कपडे एकावर एक टाकू नयेत. दोन कपड्यांत मूठभर अंतर ठेवावे. पँट उलटी करून खिसे बाहेर काढावेत. सदरे हँगरवर लावावेत. चादर एकाच दोरीवर घडी घालून न टाकता दोन दोऱ्यांवर मांडवासारखी पसरावी, म्हणजे आतूनही वारा खेळतो. दोरी जमिनीपासून उंच, छताजवळ बांधावी, कारण उबदार हवा वर असते.

छताचा जुना पंखा साधारण 75 वॉटचा असतो. तो रात्रभर आठ तास चालला तर 0.6 युनिट वीज लागते. नव्या कमी विजेच्या पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागते. घरातली मंडळी ज्या खोलीत झोपतात तिथला पंखा तर रात्री चालूच असतो. पण त्या खोलीत लहान मूल, म्हातारे माणूस किंवा दमेकरी असेल तर कपडे तिथे न टाकता पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत टाकावेत. पंख्यासमोर कपडे असताना एक खिडकी चार बोटे तरी उघडी हवी. उघडीप पडली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर वारवून घ्यावे.

रोज थोडे कपडे धुतलेले बरे. आठवड्याचा ढीग एकदम धुतला तर एकही कपडा धड वाळत नाही. आणि क्रम ठरवून घ्यावा. अंतर्वस्त्रे, मोजे, बाळाची दुपटी यांना वाऱ्याची पहिली जागा. जाड पँट, चादरी नंतर.

इस्त्री कधी?

एक हजार वॉटची इस्त्री तासभर तापत राहिली तर एक युनिट वीज खाते. ओल्याचिंब कपड्यावर इस्त्री फिरवणे म्हणजे विजेवर पाणी उकळणे. कपडा आंबटओला झाला की मगच इस्त्री करावी. शिवणी, नाडीची पट्टी, काखेचा भाग नीट तापवावा. इस्त्रीनंतर लगेच घडी न घालता दहा मिनिटे वाऱ्यावर टाकावा.

घरात कोणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत. सुती कपडे हात घालवणार नाही इतक्या कडक पाण्यात अर्धा तास भिजवावेत. त्याचा टॉवेल दुसऱ्याने वापरू नये. दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नये. पुष्कळशा मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण रोग आत मुरतो.

थोडे स्पष्ट बोलतो

आपल्या घरांतून अनेक मुली आणि बायका पाळीच्या कापडाच्या घड्या कोणाला दिसू नयेत म्हणून दुसऱ्या कपड्यांखाली, माळ्यावर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत टाकतात. पावसाळ्यात त्या कधीच पुरत्या वाळत नाहीत. ओलसर घडी पुन्हा वापरली की खाज, पुरळ, जंतुसंसर्ग असे त्रास होऊ शकतात, आणि संकोचापायी ते सांगितले जात नाहीत. या कापडाला मोकळा वारा, ऊन मिळाले तर ऊन, नाहीतर इस्त्री मिळालीच पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या पुरुषांनीही दोरीवरची एक जागा निमूटपणे सोडावी.

तीन धोके

पहिला धोका शेगडीचा. शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून बाळाची दुपटी शेकवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मोकळ्या पडवीत, कोणीतरी समोर बसून केले तर ठीक. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच दगावतो. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून कपडे टांगणे म्हणजे तर आगीला आमंत्रण.

दुसरा धोका तारेचा. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नका. ती पत्र्याला, खांबाला किंवा उघड्या पडलेल्या वीजवाहिनीला टेकली की तिच्यात वीज उतरते. ओला कपडा, ओले हात आणि ओली जमीन असल्यावर वाचण्याची संधी फार थोडी. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेवरही विसंबू नये. नायलॉनची दोरी किंवा बांबूची दांडी वापरावी. कोणाला शॉक लागलाच तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस दूर करा. गळती होताच वीज तोडणारे यंत्र घरात बसवून घेतले तर उत्तमच.

तिसरा धोका डांबराच्या गोळ्यांचा. कुबट वासासाठी आपण त्या कपाटात टाकतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र त्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विशिष्ट घटकाची कमतरता असते. अशा बाळांत या गोळ्यांच्या वाफेने तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते.

वर सांगितलेल्या गृहस्थांनी घरी दोन गोष्टी केल्या. पडवीतली तार काढून नायलॉनची दोरी बांधली आणि अंतर्वस्त्रांना रोज इस्त्री सुरू केली. सोबत घरातल्या तिघांनीही औषधाचा पूर्ण कोर्स घेतला. दिवाळीला भेटले तेव्हा तिघांपैकी कोणालाही चट्टा नव्हता. नुसत्या औषधाने हे झाले नसते आणि नुसत्या इस्त्रीनेही नाही.

कपडा वाळला की नाही हे ओळखण्याची सोपी खूण सांगून थांबतो. शिवणीचा भाग गालाला लावून पाहा. गार लागला तर तो अजून ओला आहे. तो पुन्हा दोरीवर टाका, अंगात घालू नका.