उसाच्या बेटावरचा डोडो

ऊस म्हटला की आपल्याला पंचगंगेचा काठ आठवतो, गुऱ्हाळाचा धूर आठवतो. असंच उसानं भरलेलं एक बेट हिंदी महासागरात आहे, त्याचं नाव मॉरिशस. १८३४ नंतर मुंबई बंदरातून कितीतरी मराठी माणसं मजुरीच्या करारावर तिथल्या मळ्यांत गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

पण आपली माणसं तिथं पोचली, तेव्हा त्या बेटाचा एक जुना रहिवासी नाहीसा होऊन सुमारे दीडशे वर्षं लोटली होती. त्याचं नाव डोडो. हा पक्षी कबुतराच्या कुळातला. अंदमान-निकोबारकडे सापडणारं निकोबारी कबूतर हे त्याचं आज जिवंत असलेलं सर्वांत जवळचं भावंड. पण डोडोची उंची तीन फुटांच्या आसपास, वजन दहा किलोच्या वर, आणि पंख इतके तोकडे की उडता येत नसे.

आता कुणी विचारील, कबुतराचं असं धूड झालंच कसं? कारण सोपं आहे. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या सुमारे पाव हिश्श्याएवढं. तिथं वाघ नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही. सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळं. शत्रूच नाही, तर उडून जायचं कशाला? उडायला ताकद फार लागते. ती वाचली आणि पिढ्यान् पिढ्या अंग वाढत गेलं, पंख आखडत गेले. आपल्याकडे जे काम हरणं, गुरं करतात, म्हणजे खाली पडलेली फळं खाणं आणि बिया इकडून तिकडे नेणं, ते काम त्या बेटावर डोडो आणि मोठाली कासवं करीत.

१५९८ साली डच लोक बेटावर उतरले. त्यांनी डोडो मारून खाल्ले हे खरं. पण जास्त घात केला तो जहाजांबरोबर आलेल्या डुकरांनी, उंदरांनी आणि माकडांनी. डोडोचं घरटं जमिनीवर असे, आणि प्रवासी सांगतात की त्यात अंडं एकच. राखण कशी करावी हे त्या पक्ष्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यातच जंगलतोड सुरू झाली. १६६२ नंतर डोडो पाहिल्याची खात्रीची नोंद नाही.

गंमत अशी की हा पक्षी आपल्या देशातही येऊन गेला. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १६३० च्या सुमारास सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराच्या नावावर डोडोचं एक रंगीत चित्रही आहे.

पुढे लोकांना वाटू लागलं, डोडो ही नुसती दंतकथा असावी. मॉरिशसमधले एक शाळामास्तर, जॉर्ज क्लार्क, यांनी मात्र त्याच्या हाडांचा शोध वर्षानुवर्षं सोडला नाही. १८६५ साली मार ओ सोंज नावाच्या दलदलीत त्यांनी माणसं उतरवली. त्या माणसांनी चिखलात पायांनी चाचपून हाडं शोधली. आज डोडोबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं त्या चिखलातून वर आलेलं आहे.

१९७७ साली एका शास्त्रज्ञानं मांडलं की तंबालाकोक नावाच्या झाडाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून ते झाड संपत आलं. गोष्ट ऐकायला छान. पण पुढे तपासणी झाली, तेव्हा डोडो संपल्यानंतर रुजलेली झाडंही सापडली. गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावं. गोष्ट गोड असली तरी ताडून पाहावी लागते.

तरीही मूळ मुद्दा खराच होता. मॉरिशसजवळच्या इल ओ ऐग्रेत या छोट्या बेटावर २००० साली अल्दाब्रा बेटावरची मोठी कासवं आणून सोडली, कारण तिथली मूळची कासवंही संपली होती. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं एक काळ्या लाकडाचं झाड तिथं आहे. कासवं त्याची फळं खाऊ लागली, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजू लागलं. गेलेला जीव परत येत नाही. पण त्याचं थोडं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं.

न्यूझीलंडमध्ये मोआ नावाचे याहून थोर पक्षी होते. काही तर माणसाच्या दुप्पट वजनाचे, आणि काही त्याहूनही भारी. सुमारे सातशे वर्षांपूर्वी तिथं माणूस पोचला आणि दीड-दोनशे वर्षांत मोआ संपले. त्यांच्यावर जगणारा मोठा गरुडही त्यांच्या मागोमाग गेला. एक कडी तुटली की दुसरी निखळते, ती अशी.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या भागात कुठं समुद्र? पण मंडळी, चहूकडून शेतं आणि मधे रान राहिलं, की तेही एक बेटच. आपल्या गावोगावच्या देवराया पाहा. सह्याद्रीतला धनेश पक्षी फळं अख्खी गिळतो आणि बिया दूरवर नेऊन टाकतो. त्याला ढोलीसाठी जुनं, जाड झाड लागतं. ते झाड तोडलं तर धनेश जाईल, आणि उद्याची झाडं कोण लावील?

तेव्हा शाळेच्या मुलांना एक काम द्या. गावच्या देवराईतल्या दहा झाडांची नावं लिहायची, आणि प्रत्येकापुढे त्याचं फळ कोण खातं, बी कोण नेतं, ते स्वतः पाहून लिहायचं. ज्या झाडापुढची जागा कोरी राहील, तिथं पुन्हा पुन्हा जाऊन बसा. डोडोच्या बाबतीत हे बघायला कुणी बसलं नव्हतं.